भक्तिमती राणी गणेशकुंवरी

झाशीचे नाव निघाले की मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे महाराणी लक्ष्मीबाई उभ्या राहतात, नेवाळकरांची आराध्यदेवता महालक्ष्मी आठवते, आणि वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा माझा प्रवास हा ग्रंथ ज्यांच्या वाचनात आला असेल त्यांना १८५७-५८ चा तो भीषण काळही आठवतो. परंतु झाशीचा किल्ला मुळात बांधला तो १६१३ साली ओरछ्याचे राजे वीरसिंहदेव यांनी, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या वेळी तेथील वस्तीला बलवंतनगर म्हणत. वृद्ध लोक सांगतात की, वीरसिंहदेव आपल्या मित्राला, जैतपूरच्या राजाला, ओरछ्याच्या महालावरून तो नवा किल्ला दाखवीत होते. दुरून तो धूसर छायेसारखा, त्या प्रांतीच्या बोलीत झाईं-सी, भासला. त्यावरून झाँसी हे नाव रूढ झाले. झाशीचे नावच ज्या महालावरून पडले, त्या ओरछ्याची आणि त्या ओरछ्याला तीर्थपद प्राप्त करून देणाऱ्या एका राणीची ही कथा आहे.

झाशीपासून पाच-सहा कोसांवर वेत्रवतीच्या, म्हणजे आजच्या बेतवा नदीच्या, तीरी हे लहानसे नगर वसले आहे. बुंदेला राजे रुद्रप्रताप यांनी १५३१ साली गढकुंडार सोडून येथे राजधानी आणली. आणि त्याच वर्षी वाघाच्या तावडीतून एका गाईला सोडविताना त्यांनी देह ठेवला. नगराचा आरंभच असा गोरक्षणार्थ झालेल्या बलिदानाने झाला. आज तेथे जाणाऱ्या यात्रेकरूला प्रथम दिसते ते चतुर्भुज मंदिराचे गगनाला भिडणारे शिखर. साहजिकच तो तिकडे वळतो. परंतु गर्दी तिकडे नसते. ती असते शेजारच्या एका प्रशस्त वाड्याकडे. त्या वाड्यातच भगवान श्रीरामचंद्र विराजमान आहेत, आणि तेही देव म्हणून जितके, तितकेच राजे म्हणून. पद्मासनस्थ मूर्तीजवळ ढाल-तलवार आहे. शस्त्रधारी पोलीस त्यांना नित्य मानवंदना देतात आणि त्या नगरीत दुसऱ्या कोणालाही, मग तो केवढाही सत्ताधीश असो, अशी मानवंदना देण्याची रीत नाही. प्रसादात विडा आणि अत्तर मिळते. राजदरबारातून निघताना पाहुण्याला जे द्यावे तेच. लोक त्यांना रामराजा सरकार म्हणतात. बोलण्याच्या ओघात नुसते सरकार म्हटले तरी तेथल्या माणसाला अर्थ कळतो.

देवाने मंदिर सोडून वाड्यात का राहावे, आणि राजाने आपले राज्य देवाला का द्यावे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर राणी गणेशकुंवरींच्या चरित्रात आहे.

त्या परमार कुळातील राजकन्या होत्या. ओरछ्याचे राजे मधुकरशहा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रुद्रप्रतापांचे पुत्र भारतीचंद यांच्यानंतर त्यांचे बंधू मधुकरशहा १५५४ साली गादीवर आले आणि १५९२ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, त्यांनी राज्य केले. दिल्ली-आग्र्यास याच काळात अकबर बादशहा होता. त्यावरून या लहानशा राज्याच्या धन्याला किती सावध राहावे लागत असेल, याची कल्पना येईल. बुंदेलखंडात अशी आख्यायिका आहे की, बादशहाने एकदा दरबारात कपाळी टिळा लावून येण्यास मनाई केली. दुसऱ्या दिवशी इतर राजे कोरे कपाळ घेऊन आले. मधुकरशहा मात्र नाकाच्या शेंड्यापासून कपाळभर ठसठशीत टिळा रेखून दरबारात उभे राहिले. बादशहा प्रथम क्रुद्ध झाला आणि मग त्यांच्या निर्भयतेवर प्रसन्न झाला. त्या प्रांतात तसल्या टिळ्याला पुढे मधुकरशाही टिळा असेच नाव पडले.

असा हा राजा श्रीकृष्णाचा परम भक्त होता. वृंदावनातील रसिक संतमंडळींत ज्यांची गणना होते ते हरिराम व्यास मूळचे ओरछ्याचे. मधुकरशहा त्यांना गुरुस्थानी मानीत. गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी टिळा दिसला की तो मनुष्य कोण, कोठचा, हे न विचारता राजा त्याचे चरण धुवून तीर्थ घेई. भाऊबंदांना हे रुचेना. नाभादासांच्या भक्तमालेवर प्रियादासांनी १७१२ साली जी टीका लिहिली, तीत अशी कथा आहे की, या मंडळींनी राजाची फजिती करावी म्हणून एका गाढवाच्या गळ्यात माळ घातली, त्याच्या कपाळी टिळा रेखला आणि त्याला राजवाड्यात पिटाळून दिले. मधुकरशहांनी गाढवाचे पाय धुतले, त्याला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले की, आजवर दोन पायांचे वैष्णव पुष्कळ पाहिले, चार पायांच्या वैष्णवाचे दर्शन आजच घडले. आपल्या राज्यात आता गाढवेही माळ-टिळा धारण करू लागली, याहून धन्यता ती कोणती! थट्टा करणाऱ्यांची मान खाली गेली. मधुकर म्हणजे भ्रमर. काट्यांकडे न पाहता मध तेवढा घेण्याचे त्याचे व्रत राजाने नावाप्रमाणे पाळले, असे भक्तमालेच्या टीकाकाराला वाटले आणि ते यथार्थ आहे.

राणी गणेशकुंवरींचे इष्टदैवत श्रीराम. नाभादासांनी आपल्या ग्रंथात भक्त स्त्रियांची जी नाममाला गुंफली आहे, तीत या राणीचेही नाव गणेशदे असे आले आहे. पतीप्रमाणेच त्यांच्या घरीही साधुसंतांना मुक्तद्वार असे. आणि याच मुक्तद्वारातून एके दिवशी त्यांच्यावर एक विलक्षण प्रसंग ओढवला.

साधूच्या वेषातील एक मनुष्य कित्येक दिवस वाड्यात राहिला होता. राणी त्याची सेवा करीत. एकदा एकांत साधून त्याने राणीला विचारले की, धनाचा साठा कोठे ठेविला आहे ते दाखव. राणी शांतपणे म्हणाल्या की, साठा असा काही नाही; जे येते ते आपणासारख्या संतांच्याच सेवेत लागते. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने सुरी काढली आणि राणीच्या मांडीत खुपसली. रक्त वाहू लागताच तो घाबरला आणि पळून गेला. राणीने आरडाओरडा केला नाही, दासींना हाक मारली नाही. स्वतःच्या हाताने जखम बांधली आणि त्या स्वस्थ पडून राहिल्या. राजा भेटीस आले तेव्हा आपण सध्या अस्पर्श आहोत, असे निमित्त सांगून त्यांनी त्यांना दूर ठेविले. तीन दिवस गेले, चौथाही गेला. राजाला शंका आली. खोदून खोदून विचारल्यावर राणीला खरे सांगणे भाग पडले. सांगताना त्यांची एकच विनवणी होती की, या एका माणसाच्या कृत्याने महाराजांच्या चित्तातील साधूंविषयीचा आदर उणा होऊ नये. टीकाकार सांगतात की, ते ऐकून राजाने राणीला प्रदक्षिणा घातली.

या प्रसंगाविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. कोणी म्हणेल की, राणीने असत्य भाषण केले. कोणी म्हणेल की, अपराध्याला शासन करणे हा राजधर्म होय आणि तो लपविणे योग्य नव्हे. दोन्ही आक्षेप शास्त्राला धरून आहेत. ते उडवून लावता येणार नाहीत. आजच्या गृहस्थाने घरात शिरलेल्या चोराला वेष पाहून सोडून द्यावे, असा या कथेचा अर्थ मुळीच नाही. पण राणीच्या ठिकाणी उभे राहून पाहावे. ही गोष्ट बाहेर फुटली असती, तर दुसऱ्या दिवसापासून वाड्याचे दार प्रत्येक साधूला बंद झाले असते. एका ढोंग्यामुळे शंभर खरे उपाशी परतले असते, आणि भाऊबंदांची, त्या गाढव पाठविणाऱ्यांची, सरशी झाली असती. राणीला भीती वाटली ती स्वतःच्या प्राणाची नव्हे, पतीच्या श्रद्धेची. मांडीतली जखम भरून येते. श्रद्धेला झालेली जखम भरता भरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

अशी ही दोघे पतिपत्नी. दोघेही भगवद्भक्त, दोघेही संतसेवेत रंगलेले. तरीही त्यांच्यात भांडण झाले आणि तेही देवावरून. संसारात असे घडते. एकाच घरात एकाचा एकादशीचा उपवास आणि दुसऱ्याची सोमवारची शिवामूठ यांवरूनही शब्दाला शब्द लागतो, हे आपण जाणतोच.

परंपरेने आलेली हकीकत अशी. राजाने वृंदावनयात्रेची तयारी केली आणि राणीला बरोबर येण्यास सांगितले. राणीच्या मनात अयोध्या होती. त्यांनी नम्रपणे तसे सांगितले. राजाला ते रुचले नाही. बोलता बोलता शब्द वाढले आणि राजा उपहासाने म्हणाले की, तुझा राम एवढा खरा असेल तर जा अयोध्येला, त्याला बालरूपात ओरछ्याला घेऊन ये. तो येत नसेल तर तूही परत येऊ नकोस. राग ओसरल्यावर राजा ते विसरलेही असते. राणी विसरल्या नाहीत. पतीचे वचन हीच आज्ञा मानून त्या अयोध्येस निघाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी ओरछ्यात रामरायांसाठी मंदिर उभारण्याचे काम सुरू करविले, असे सांगतात. येणाऱ्याचा अजून पत्ता नाही आणि त्याच्या घराचा पाया खणणे चालू आहे! लोक हसले असतील. पण पाहुणा येणार अशी खात्री असलेली गृहिणी आधी चूल पेटविते आणि मग वाटेकडे डोळे लावते.

अयोध्येत शरयूच्या तीरी, लक्ष्मणकिल्ल्याजवळ, राणीने एक पर्णकुटी बांधली आणि तपाला आरंभ केला. राजवाड्यातील देह भूमीवर निजू लागला. फलाहार झाला, पुढे तोही सुटला. त्या काळी गोस्वामी तुलसीदासांचा निवास अयोध्येत होता. राणीने त्यांचे दर्शन घेतले आणि त्यांनी तिचा निश्चय दृढ केला, असे ओरछ्याची परंपरा सांगते. पण दिवसांमागून दिवस गेले, महिने लोटले, रामदर्शन होईना. ओरछ्याला रिकाम्या हाताने परतणे नाही, आणि येथे प्रभूंची कृपा नाही. दोन्ही वाटा बुजल्या. शेवटी राणीने शरयूत उडी घेतली.

येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, शास्त्रांनी आत्मघाताचा कठोर निषेध केला आहे आणि भक्तचरित्रातील असे प्रसंग अनुकरणासाठी नसतात. राणीची ती उडी जीवनाला कंटाळून घेतलेली नव्हती. जे आपले म्हणून उरले होते ते तेवढेच होते. तेही त्यांनी रामरायांच्या नदीत, रामरायांच्या स्वाधीन केले. आणि त्या अथांग जळात, परंपरा सांगते, त्यांच्या मांडीवर बालरूप श्रीराम येऊन बसले. त्या पाण्याबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या जवळ ती मूर्ती होती. ज्या मांडीत एकेकाळी सुरीचा घाव बसला, तीच मांडी देवाचे आसन झाली, असे या दोन कथा एकत्र वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही. भक्तमालेची परंपरा आणि ओरछ्याची परंपरा वेगवेगळ्या, पण राणी एकच. दुसरी एक परंपरा असेही मानते की, परचक्राच्या भयाने अयोध्येच्या साधूंनी शरयूच्या गर्भात जी मूर्ती लपविली होती, तीच राणीच्या हाती आली. भाविकाला या दोहोंत विरोध दिसत नाही. मूर्ती कोणी लपविली हे साधूंना ठाऊक. ती नेमकी कोणाच्या ओटीत यायची, हे देवाला ठाऊक.

राणीने ओरछ्याला चलावे अशी प्रार्थना केली. प्रभूंनी तीन अटी घातल्या. पहिली, प्रवास साधुसंतांच्या मेळ्यासह पायी व्हावा आणि तोही केवळ पुष्य नक्षत्रावर. दुसरी, एकदा जेथे बसू तेथून उठणार नाही. तिसरी, जेथे राहू तेथे राजा आम्हीच. दुसऱ्याची सत्ता तेथे चालणार नाही.

या पुष्य नक्षत्राच्या अटीकडे सामान्यतः कोणी बारकाईने पाहत नाही. चंद्र पुष्यात सुमारे सत्तावीस दिवसांनी एकदा येतो आणि तेथे साधारण एक दिवस असतो. म्हणजे अख्ख्या वर्षात चालायचे दिवस काय ते तेरा. बाकीचे सर्व दिवस मुक्काम. राणीची वाटचाल किती संथ, किती धीराची झाली असेल! पण याहूनही गोड असे एक मर्म या अटीत आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात महाराज दशरथांनी श्रीरामांच्या यौवराज्याभिषेकासाठी जो दिवस निश्चित केला तो पुष्ययोगाचाच होता. नगरी शृंगारली गेली, अभिषेकाचे जल आणले गेले, आणि त्याच दिवशी राम वनात गेले. दशरथांनी तो अभिषेक डोळ्यांनी पाहिला नाही. पुढे चौदा वर्षांनी पट्टाभिषेक झाला खरा, पण पित्याच्या मनातला तो पुष्याचा मुहूर्त हुकला तो हुकलाच. ओरछ्याचे लोक मधुकरशहांना दशरथांच्या आणि गणेशकुंवरींना कौसल्यामातेच्या ठिकाणी मानतात. राज्य हवे, आणि यायचे ते पुष्यावरच, असा हट्ट बालरूप रामाने या मातेजवळ का धरला असेल, याचा उलगडा ज्याचा त्याने करावा.

शरयूच्या तीरावरून हा विलक्षण राजा अशा रीतीने निघाला. पुढे राम, भोवती साधूंचा मेळा, मागे राणी. गंगा-यमुनेच्या मैदानातून बुंदेलखंडाच्या खडकाळ भूमीपर्यंतची ती वाट. ओरछ्यात पोहोचून प्रतिष्ठा झाली ती परंपरेनुसार विक्रम संवत १६३१ च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे १५७४ साली. वाचकांनी ही तिथी ध्यानात ठेवावी. गोस्वामी तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानसाच्या रचनेस आरंभ केला तोही याच तिथीस, याच संवतात. अयोध्येत रामचरित्र शब्दरूपाने अवतरत होते, तेव्हा ओरछ्यात राम सिंहासनावर बसत होते.

राजाने राणीला सामोरे जाऊन स्वागत केले. आपले बोलणे त्यांना आठवले असेलच. अशी कथा आहे की, त्यांना श्रीकृष्णांनी स्वप्नात येऊन आपण आणि राम भिन्न नसल्याची जाणीव दिली आणि त्यांचे मन निवळले. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण शस्त्रधाऱ्यांमध्ये आपण राम आहोत असे सांगतात. आचार्यांपैकी अनेकांनी तेथे दाशरथी रामच घेतला आहे. नित्य गीता वाचणाऱ्या राजाला हे अपरिचित नसणार. पण वाचलेले पटायला कधी कधी घरच्याच माणसाला अयोध्येपर्यंत पायपीट करावी लागते.

मंदिराचे शिखर अद्याप पुरे व्हायचे होते. शुभ मुहूर्तावर मोठ्या थाटाने प्रतिष्ठा करू, तोवर मूर्ती वाड्यात असू द्यावी, असे ठरले. राणीने आपल्या महालात, कोणी म्हणतात स्वयंपाकघरातच, रामरायांना बसविले. मुहूर्त आला. मूर्ती उचलू गेले; ती हलेना. किती माणसे लागली, किती प्रार्थना झाल्या, पण व्यर्थ. तेव्हा राणीला दुसरी अट आठवली. देव बसले होते ते मंदिरात नव्हे, राणीच्या घरात. तेच त्यांना पसंत होते.

पंढरीच्या वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेतून हात न काढता वीट भिरकावली आणि पांडुरंग त्या विटेवर उभा राहिला तो अठ्ठावीस युगे. तेथे वीट, येथे राणीची ओसरी. भक्ताने घाईत, तात्पुरते म्हणून, जे दिले तेच देवाने कायमचे पत्करले. चतुर्भुज मंदिराचा तो उत्तुंग प्रासाद, ज्याचे काम पुढे वीरसिंहदेवांच्या वेळी पूर्णतेस गेले, रामावाचूनच राहिला. आजही त्याच्या भव्य मंडपात उभे राहिले की वाऱ्याचा आवाज घुमतो आणि शेजारच्या वाड्यातील आरतीची घंटा ऐकू येते.

राहिली तिसरी अट आणि तीच सर्वांत कठीण. बायकोने आणलेल्या देवाला घर देणे सोपे. त्याला राज्य द्यायचे म्हणजे काय? मधुकरशहा अभिमानी होते, बादशहापुढे न वाकणारे होते. त्यांनी ओरछ्याचे राज्य रामरायांच्या चरणी वाहिले आणि आपण त्यांचे सेवक, कारभारी, या नात्याने कारभार पाहू लागले. आपल्याकडे श्रीसमर्थांच्या झोळीत शिवछत्रपतींनी राज्य टाकल्याची जी आख्यायिका प्रसिद्ध आहे, तिची आठवण येथे होते. टिळा न पुसणाऱ्या त्या कपाळाने घरच्या देव्हाऱ्यापुढे मात्र मुकुट उतरविला. लोक कधी कधी असे सांगतात की, राजाने त्याच दिवशी राजधानी टीकमगढला हलविली. ते तसे नाही. राजधानी टीकमगढला गेली ती त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८३ साली, महाराज विक्रमाजित यांच्या काळात. तोवर बुंदेला राजे ओरछ्यातच, पण रामराजाच्या छायेत, राहिले.

आता एक गोष्ट अशी आही की, ती चमत्कारकथांत सहसा सांगत नाहीत, पण चरित्रात ती आलीच पाहिजे. रामराय घरी आले म्हणून राणीचे दुःख संपले नाही. अवघ्या तीन वर्षांनी, १५७७ मध्ये, सादिकखानाच्या हाताखाली बादशाही फौज ओरछ्यावर चालून आली. घनघोर युद्ध झाले; राजपुत्र होरलदेव रणात पडला आणि मधुकरशहांना माघार घ्यावी लागली. पुढेही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १५९२ मध्ये, बादशहाचा पुत्र मुराद माळव्याच्या सुभ्यावर असताना पुन्हा चढाई झाली, आणि वृद्ध राजाचा अंत राजधानीच्या सुखात न होता डोंगररानांच्या आश्रयात झाला. ज्या घरात साक्षात राम नांदत होते, त्या घरातून तरुण पुत्राची तिरडी निघाली. देव घरी आणून काय मिळाले, असे तेव्हा कोणी राणीला विचारले असेल का? राणीने देव आणला तो काही मिळावे म्हणून आणला नव्हता. पतीचा एक शब्द खरा करावा आणि रामाला डोळे भरून पाहावे, एवढेच तिचे मागणे होते आणि ते पुरे झाले होते. कौसल्येच्या घरीही राम होते. तरी वैधव्य आणि पुत्रवियोग तिला चुकले नाहीत. ओरछ्याच्या लोकांनी या राणीला कौसल्या मानले ते केवळ मांडीवरच्या मूर्तीमुळे, असे म्हणवत नाही.

त्यांच्या हयातीनंतर ओरछ्याने पुष्कळ पाहिले. मधुकरशहांचे पुत्र वीरसिंहदेव यांनी महाल, मंदिरे, किल्ले बांधून राज्य वैभवाला नेले. महाकवी केशवदासांनी त्याच नगरीत राहून १६०१ साली रामचंद्रिका रचली. १६३५ मध्ये शहाजहानच्या फौजांनी ओरछा घेतले. या सर्व उलथापालथीत राणीच्या महालातील देव जागचे हलले नाहीत. आज हे नगर मध्य प्रदेशाच्या निवाडी जिल्ह्यात आहे. दर पुष्य नक्षत्राला तेथे बुंदेलखंडातील खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे येतात. झाशीहून कित्येक जण पायीच निघतात. भाविकांची श्रद्धा अशी की, रामराजा दिवसा ओरछ्यात दरबार करतात आणि रात्री शयनासाठी अयोध्येस जातात. आईच्या घरी राहावे, पण जन्मभूमीही सुटू नये, असा हा दोन्हीकडचा ओढा.

अयोध्येशी हे नाते ओरछ्याच्या राजघराण्यानेही जपले. गणेशकुंवरींच्या नंतर तीनशे वर्षांनी, महाराज प्रतापसिंहांच्या महाराणी वृषभानुकुंवरी यांनी अयोध्येत कनकभवन हे देखणे मंदिर बांधविले. ते १८९१ साली पूर्ण झाले. कैकेयीमातेने सूनमुख पाहताना सीतेला जो सुवर्णप्रासाद दिला त्याचे हे स्थान, अशी श्रद्धा आहे. याच महाराणींनी नेपाळात जनकपूर येथे जानकीमंदिर उभारले. त्याला नऊ लक्ष रुपये लागले म्हणून लोक त्याला नौलखा म्हणतात. एका राणीने रामाला अयोध्येहून आणले, दुसरीने त्याच्या अयोध्येत आणि त्याच्या सासुरवाडीत वाडे बांधले.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, म्हणजे विवाहपंचमीला, ओरछ्यात रामराजाचे लग्न लागते. गावात मांडव पडतो, पंगती उठतात, आणि वीरसिंहदेवांचे पुत्र लाला हरदौल, ज्यांना भावाच्या संशयापायी जाणूनबुजून विष प्यावे लागले आणि ज्यांना बुंदेलखंडातील प्रत्येक घर लग्नाचे पहिले निमंत्रण देते, त्यांच्या समाधीस्थानी बायका लग्नगीते गातात. रात्री नवरदेवाची पालखी वाड्याबाहेर पडते. द्वारी शिपाई बंदुका सरसावून मानवंदना देतात. आणि त्या दिवशी राजाच्या मस्तकी रत्नजडित मुकुट नसतो. बुंदेलखंडातील कोणत्याही शेतकऱ्याच्या पोराला लग्नात घालतात तसा खजुरीच्या पानांचा मुकुट असतो.